लंकेला वीस रुपये

बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. ही व्याख्या मी 32 वर्षं वाईच्या एका शाळेत पाचवीच्या फळ्यावर लिहिली आणि पोरांनी ती वहीत उतरवून घेतली. बेट ना मी पाहिलेलं, ना त्यांनी. उन्हाळ्यात धोम धरणाचं पाणी उतरलं की मध्येच एखादं टेकाड डोकं वर काढतं, तेवढाच आमचा द्वीपसमूह.

त्यामुळे माझी भाची अंदमानातल्या हॅवलॉकला एकटीच जाऊन आली (2018 पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण ती हॅवलॉकच म्हणते), तेव्हा मी तिची तासभर तोंडी परीक्षा घेतली. भाड्याची स्कूटी, मोजून दोन रस्ते, बाजूला सुपारीची झाडं आणि टोकाला राधानगरचा किनारा. चुकायला जागाच नाही. "मावशी, बेटावर एकटीने फिरायचं ना, तर तीन गोष्टी," ती म्हणाली. "जवळ सुटे पैसे ठेवायचे. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी विचारायचं. आणि पहिला दिवस पायी फिरायचं."

मी तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या आणि काशीचं तिकीट काढलं. या वयात अंदमानला एकटी जाते म्हटलं असतं तर घरात बैठक बसली असती. काशीला कोण अडवणार?

अडवलं. "एकट्याच?" हा प्रश्न मला दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, 'काशीस जावे नित्य वदावे' असं म्हटलंय. वदावे! जायलाच पाहिजे असं कुठंय त्यात?" शिवाय वाईला काय कमी आहे, असाही मुद्दा निघाला. दक्षिण काशी म्हणतात, कृष्णेचे सात घाट आहेत, ढोल्या गणपती आहे. खरं आहे. पण सातही घाट मी रोज भाजी आणताना पाहते.

कल्याणला गाडीत बसले तेव्हा मी ताई होते. भुसावळला मॅडम झाले. इटारसीच्या पुढे आंटी. दुसऱ्या दिवशी वाराणसी कँटच्या बाहेर पाऊल टाकलं आणि तिथल्या तमाम रिक्षावाल्यांनी एकमुखाने मला माताजी केलं. एका रात्रीत माणूस इतका प्रौढ होतो, हे रेल्वेच्या तिकिटावर छापायला हवं.

काशी हे बेट आहे, असं म्हटलं तर भूगोलाचे परीक्षक मला नापास करतील. पण उत्तरेला वरुणा, दक्षिणेला असी, पूर्वेला गंगा. वरुणा आणि असी मिळून वाराणसी. तीन बाजूंना पाणी म्हणजे आमच्या भाषेत द्वीपकल्प झालं. चौथ्या बाजूची सोय पुराणांनी केली आहे: काशी पृथ्वीवर नाहीच, ती शंकराच्या त्रिशुळावर टेकलेली आहे. म्हणजे चौथ्या बाजूलाही जमीन जोडलेली नाही. झालं की बेट! असी नदीचा आता नाला झाला आहे आणि तो शोधायलाही विचारावं लागतं, हा भाग मी पोरांना सांगितला नसता.

पहिला दिवस पायी, हा नियम काशीत पाळावाच लागतो, कारण दुसरा पर्याय नसतो. माझी खोली चौखंब्याच्या मागच्या गल्लीत होती. खोलीवाल्यांनी फोनवर "मेन रोड से दो मिनट" सांगितलं होतं. ती दोन मिनिटं मला त्या दिवशी चार वेळा लागली आणि प्रत्येक वेळी वेगळ्या रस्त्याने. फोनमधला नकाशा काढला तर त्यातला निळा ठिपका गंगेच्या मधोमध. मी एका पानवाल्यापाशी कोरडी उभी. ठिपक्याचंही बरोबरच असावं. काशीत आल्यावर आधी गंगेत उतरायचं असतं.

कोणालाही रस्ता विचारा, उत्तर एकच: "बस, सीधे चले जाइए." सीधे! त्या गल्लीत सलग वीस पावलंही सरळ नाहीत. ती डावीकडे वळते, एका देवळाला पोटात घेते, कुणाच्या तरी ओसरीखालून जाते, मग उजवीकडे उतरते. तिसऱ्या दिवशी मला उलगडा झाला की बनारसमध्ये 'सीधे' ही दिशा नाही, तो धीर आहे. फाटा फुटला तरी मन फुटू देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

या गल्ल्यांचा पहिला नीट नकाशा काढला तो जेम्स प्रिन्सेपने, 1822 साली. तो इथल्या टांकसाळीत अधिकारी होता. पुढे 1837च्या सुमारास याच माणसाने अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचून दाखवली. इतिहासात हे मोठं आश्चर्य मानतात. मला आता वाटत नाही. जो माणूस ठठेरी बाजारातून निघून, न विचारता, मणिकर्णिकेला पोचला, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीची लिपी म्हणजे बाराखडीच.

मीही पोचले, पण विचारून नव्हे. एका वळणावर मागून "राम नाम सत्य है" आलं. मी भिंतीला पाठ लावून वाट दिली. तिरडी गेली. मागून दहा-बारा माणसं, एक चपलेचा अंगठा तुटल्यामुळे पाय ओढत चाललेला. मग दुसरी तिरडी आली, तीही त्याच बाजूला. तेव्हा भूगोलाची बाई जागी झाली. या भागातल्या तिरड्या मणिकर्णिकेलाच जातात, मणिकर्णिका गंगेवर आहे आणि गंगा मिळाली की काशीत हरवण्याचा प्रश्नच मिटतो. मी अदबीने, चार पावलं अंतर ठेवून मागे निघाले. एकही वळण चुकलं नाही. चपलेवाल्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि मला आपल्यात धरून टाकलं. त्याला वाटलं असेल, लांबच्या नात्यातली असणार.

पुढे आठवडाभर माझी पद्धत हीच राहिली. जायचं असलं तर तिरडीमागे, यायचं असलं तर दुधाच्या कॅनवाल्याच्या मागे. घरी फोनवर हे सांगितलं नाही.

गल्लीचा दुसरा वाहतूक नियम म्हणजे बैल. सांड, सीढी आणि संन्यासी यांच्यापासून जो वाचेल त्यानेच काशी सेवावी, अशी तिथली म्हण आहे. तिच्यात चौथीही एक गोष्ट आहे, ती बायकांवर असल्यामुळे मी गाळते. तर असा एक सांड चार हात रुंदीच्या गल्लीत आडवा उभा होता. मी थांबले. माझ्यामागे एक स्कूटर थांबली, तिच्यामागे एक जपानी जोडपं थांबलं. कोणी हॉर्न वाजवला नाही. बैल एका बंद दुकानाच्या पाटीकडे एकटक बघत होता. "माताजी, मारता नहीं है," ओट्यावर दात घासणारा एक मुलगा म्हणाला, "बस सोच रहा है." विचार पूर्ण व्हायला सहा मिनिटं लागली. पुण्यात सिग्नलला याच्या निम्मा वेळ कोणी देत नाही.

घाटावर मात्र मी एकदम घरी आल्यासारखी चालू लागले. असीपासून राजघाटापर्यंत सहा-सात किलोमीटरची ही एकच पायऱ्यांची वाट, आणि तिच्यावर आपली माणसं जागोजागी बसलेली. अहिल्याबाई घाट. पुढे शिंदे घाट, बायजाबाईंनी बांधवला तो; इतका जड झाला की खचला असं सांगतात, आणि पायाशी रत्नेश्वराचं देऊळ अजून कललेलं आहे. थोडं पुढे नागपूरकर भोसल्यांचा. मग पंचगंगा घाटावर बिंदुमाधव, तिथली व्यवस्था औंधच्या पंतप्रतिनिधींकडची, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यातली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही तर मराठी वस्तीच. तिथे एका दारावर आडनाव वाचून मी कडी वाजवली. दार उघडणाऱ्या आजींना मी वाईहून आल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "या, बसा. आमच्या पणजोबांनी सोडली ती वाई. पाऊस पडतो का हो अजून तसाच?" मराठी शुद्ध, फक्त चाल बनारसी; वाक्य संपवताना शब्द पानासारखा गालात ठेवत होत्या. निघताना मी गल्लीचा रस्ता विचारला.

"सरळ जा," म्हणाल्या.

एकटीच्या प्रवासाचं खरं दुखणं मात्र रस्ता नव्हे, संख्या हे आहे. सगळं जग चौघांच्या हिशेबाने बांधलेलं आहे. खोली दोघांची, थाळी दीड माणसाची, देवळात संकल्पाला "सपत्नीक?" आणि नावेला तर किमान सहा. "अकेली? तो पूरी नाव लेनी पड़ेगी, माताजी." म्हणजे पाच माणसं न आणल्याचे पैसे मी द्यायचे. मी पायरीवर बसून राहिले. अर्ध्या तासाने राजस्थानातलं अकरा जणांचं एक कुटुंब आलं आणि नावाड्याने मलाच हाक मारली, "आ जाइए, एक की जगह है." मी दहाव्या आणि अकराव्या माणसाच्या मध्ये, एका ताप आलेल्या मुलाला मांडीवर घेऊन सूर्योदय पाहिला. मुलगा छान झोपला.

नावेतून एक गोष्ट कळते, जी घाटावरून कळत नाही. पलीकडचा काठ मोकळा आहे. नुसती रेती. एवढं थोरलं शहर एकाच काठावर का, असं त्या कुटुंबातल्या एका पोराने विचारलं आणि मला राहवलं नाही. गंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा मारा बसतो, तिथे टिकायला जमीन घट्ट लागते, आणि काशीचा काठ उंच, कंकराचा आहे. आतल्या काठाला प्रवाह मंद, म्हणून गाळ आणि वाळू साचते, पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते. नावाड्याने वल्हं थांबवून सगळं ऐकलं आणि मान डोलावली. "वो सब ठीक है, माताजी. पर असली बात ये है कि उस पार मरो तो गदहा होते हैं."

अकरा जणांनी त्याचंच ऐकलं. 32 वर्षांची नोकरी एका गाढवाने खाल्ली.

ही समजूत काशीत सगळ्यांना ठाऊक आहे. काशीत मरण आलं तर मोक्ष आणि समोरच्या व्यासकाशीत, म्हणजे रामनगरच्या बाजूला, आलं तर पुढचा जन्म गाढवाचा. अंतर एका नदीचं. व्यासांचं शंकराशी बिनसलं आणि त्यांना पलीकडे जाऊन राहावं लागलं, अशी कथा आहे. मी ऐकलं तेव्हाच ठरवलं की तिथे जायचं. बेटावर माणूस जातो कशाला, पलीकडचा किनारा पाहायलाच ना?

रामनगरला जायचं तर आधी लंकेला जावं लागतं. हे मला गोदौलियाच्या चौकाअलीकडे कळलं. तिथे बॅटरीवरच्या रिक्षांची रांग असते. बनारसमध्ये त्यांना टोटो म्हणतात. सगळे ओरडत होते, "लंका! लंका! लंका!" मी थबकले. मारुतीला उड्डाण करावं लागलं, रामाला सेतू बांधावा लागला आणि इथे माणूस हँडलवर पाय टाकून वीस रुपयांत न्यायला तयार. "आइए माताजी, बस एक सवारी!"

बस एक सवारी. हे तीन शब्द मला त्या आठ दिवसांत सगळ्यात गोड लागले. नाव, खोली, थाळी, सगळीकडे मी कमी पडत होते. टोटोवाल्याला मात्र चार बसलेले होते, पाचवं माणूस हवं होतं, आणि ते नेमकं एकच हवं होतं. जोडपं आलं असतं तर त्याच्या कामाचं नव्हतं. माझ्या आधी उभ्या असलेल्या नवरा-बायकोला त्याने हाताने बाजूला केलं. मी त्यांच्याकडे न बघता, ऐटीत चढले.

ही लंका म्हणजे बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या सिंहद्वारासमोरचा भाग. तुलसीदासांच्या परंपरेतली असीची रामलीला जिथे जिथे व्हायची, तिथे जागांना तीच नावं पडली, आणि लंकादहनाच्या मैदानाची लंका झाली. 1916 साली मालवीयांनी विद्यापीठ काढलं आणि ते रावणाच्या शेजारी येऊन बसलं. आपल्याकडे लंकेत सोन्याच्या विटा अशी म्हण आहे. या लंकेत औषधांची दुकानं, रक्ततपासणीच्या पाट्या, झेरॉक्स, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि कुल्हडात चहा पिणारी, राजकारणावर भांडणारी मुलं. सोनं दिसलं नाही. चहा दहा रुपये.

लंकेतून दुसरी टोटो, "रामनगर, रामनगर." ती सामनेघाटाच्या पुलावरून गंगा ओलांडते. हा पक्का पूल अलीकडचा. पूर्वी इथे पिपांचा तरंगता पूल असायचा, तो दर पावसाळ्यात सोडवून ठेवायचे. पुलाच्या मध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की लंकेहून निघायचं, सेतू ओलांडायचा आणि रामाच्या नगरात उतरायचं, हा क्रम वाल्मीकींनी घालून दिला तसाच आहे. पुष्पक विमानाच्या जागी टोटो, आणि तिच्यात माझ्याशिवाय दोन कॉलेजच्या मुली, एक गॅस शेगडी दुरुस्त करणारा त्याच्या शेगडीसकट, आणि भोपळे.

रामनगरचा किल्ला काशीनरेशांचा, अठराव्या शतकातला, चुनारच्या पिवळट दगडाचा. आतल्या संग्रहालयात पालख्या, हत्तीचे हौदे आणि जुन्या मोटारी आहेत. म्हणजे जाण्यायेण्याच्या साधनांचंच प्रदर्शन, आणि सगळी बसून आहेत. मला त्याहून आवडली ती गावातली रिकामी अयोध्या. रामनगरची रामलीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि 31 दिवस चालते, पण तिला एक रंगमंच नाही. इथे अयोध्या, तिकडे जनकपूर, पलीकडे लंका, अशी ठिकाणं गावभर, मैल-मैल अंतरावर पसरलेली. प्रसंग बदलला की सगळे प्रेक्षक उठून चालू लागतात. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. वर्षानुवर्षं न चुकता येणारे लोक असतात, त्यांना नेमी म्हणतात. माझ्या वेळेला थंडीचे दिवस होते, लीला नव्हती. एका चौथऱ्यावर गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. मी विचारलं तर एक बाई म्हणाली, "ये? ये तो अशोकवाटिका है."

तिथेच, वाटिकेच्या कुंपणाला, एक गाढव बांधलेलं होतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पाठीवर वीटभट्टीची धूळ, डाव्या कानाला एक खाच, आणि चेहऱ्यावर कुठलीही तक्रार नाही. काशीकर याला पाहून घाबरतात. पण मला आठवले ते आमचे संत एकनाथ. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघालेले, आणि वाटेत वाळूत तहानेने तडफडणारं गाढव दिसल्यावर सगळी कावड त्याच्या तोंडात रिकामी करणारे. रामेश्वर म्हणजे बेट. ज्या बेटासाठी गंगा निघाली होती, तिथे ती पोचलीच नाही, गाढवाला मिळाली. म्हणजे पलीकडे मरून गाढव व्हायला मराठी माणसाची फारशी हरकत नसावी. आपल्याकडे निदान कोणीतरी पाणी घेऊन येतं. माझ्या बाटलीत निम्मं पाणी होतं. गाढवाने हुंगलं आणि तोंड फिरवलं. बहुधा त्याला ते बाटलीबंद आहे हे कळलं.

"शेवटची टोटो किती वाजता?" मी भाचीचा दुसरा नियम आठवून विचारलं. समोरचा चहावाला हसला. "जब तक सवारी है, तब तक टोटो है." तरीही मी दिवस मावळायच्या आत पुलावर होते. अंधश्रद्धा नाही, गुडघे दुखत होते.

लंकेच्या नाक्यावर दिवे लागले होते. भाचीचा फोन आला. कुठे आहेस मावशी, म्हणाली. लंकेत, मी म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने विचारलं, "व्हिसा लागला का गं?" तेवढ्यात समोरून हाक आली, "गोदौलिया, गोदौलिया, बस एक सवारी!" आणि मला फोन ठेवावा लागला.

जाणार असाल तर सांगून ठेवते. गोदौलिया म्हणजे गोदौलिया नव्हे, पोलिसांच्या दोरीच्या अलीकडे उतरवतात, पुढे चालायचं. पाचवी जागा चालकाशेजारी अर्ध्या फळीवर असते, पिशवी मांडीवर घ्यायची आणि डावा गुडघा आत. आणि वीस रुपये सुटेच द्या, पन्नासची नोट काढलीत तर तो उरलेले तीस आणायला जाईल आणि बाकीच्या चार सवाऱ्या तुमच्याकडे बघत बसतील.